पाटी आहे, वर दिवा आहे

हैदराबादेत तारनाक्याच्या ताईंकडे मी स्वयंपाकाला लागले तेव्हा त्यांच्या घरी नुकताच कॉम्प्युटर आला होता. ताई पुण्याच्या. नवरा माधापूरकडच्या कंपनीत, दिवसभर घराबाहेर. ताईंना तेलुगू येत नव्हतं आणि इथली हिंदी कानावर पडली की त्या हसू दाबायच्या. मराठी बोलणारी बाई हवी म्हणून त्यांनी दोन महिने शोध घेतला होता. शेवटी मी मिळाले, तर मी बोलतच नव्हते. "मावशी, तुमच्या तोंडून चार शब्द काढायचे म्हणजे आडातून पाणी ओढायचं," असं त्या म्हणायच्या.

मी लहानपणापासूनच अशी. आमच्या गावच्या, भालकीकडच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत गेले. हजेरीला नाव पुकारलं तरी "हजर" म्हणताना मला घाम फुटायचा. पुढे लग्न होऊन हैदराबादेत आले. इथे बसमध्ये, बाजारात, नळावर सगळीकडे मोठ्याने बोलावं लागतं. मी बोट दाखवून भाजी घ्यायला शिकले.

ताई घरबसल्या एका इंग्रजी मासिकाचं काम करत. त्या दिवसांत डॉक्टर, शाळावाले, लॉजवाले, सगळ्यांनाच कॉम्प्युटर हवा झाला होता आणि त्यात घालायचं सॉफ्टवेअरही. ते विकणाऱ्या कंपन्या आमच्या शहरात गल्लोगल्ली निघाल्या होत्या. प्रत्येकीची वेबसाईट. लांबच्या गावातला डॉक्टर काही हैदराबादला येऊन दुकानं फिरणार नाही. तो वेबसाईट बघणार, फोन करणार आणि घेणार. तेव्हा ती वेबसाईट गिऱ्हाइकाच्या उपयोगाची आहे की नुसती सजवलेली, हे ताई गिऱ्हाईक होऊन तपासत आणि दहापैकी गुण देत.

जेवणाच्या टेबलावर त्यांचा कॉम्प्युटर. मी खाली गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची भाजी निवडत बसलेली असायची. त्या वाचायच्या आणि मला मराठीत सांगायच्या.

"ऐका मावशी. 'आम्ही तुमच्या भविष्याला आकार देतो.' यावरून हे लोक काय विकत असतील?"

"कुंभार असतील," मी म्हटलं.

ताई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. त्यानंतर त्यांना सवयच लागली. एखादं पान उघडलं की मला विचारायच्या, काय कळलं? बहुतेक वेळा मला काहीच कळलेलं नसायचं. मी तसं सांगितलं की त्या खूश व्हायच्या आणि गुण कापायच्या. हसऱ्या माणसांचे फोटो असायचे, हातात हात दिलेले, सगळे गोरे. किंमत कुठे लिहिलेली नसायची. पत्ता शोधायला ताईंना चार-चार पानं उलटावी लागायची. कुणाकडे फोन नंबर असायचा, पण तो वाजत राहायचा.

एकदा त्यांनी विचारलं, "मावशी, तुम्हाला यांच्याकडून काही घ्यायचं असतं, तर तुम्ही काय विचारलं असतं?"

मी हातातली जुडी निवडून संपवली. मग म्हटलं, "मिक्सर घेताना विचारते तेच. बिघडला तर कुणाकडे जायचं?"

ताईंनी ते लगेच लिहून घेतलं आणि त्यांच्या यादीत सगळ्यांत वर घातलं. त्या दिवशी बसमधून घरी जाताना मला फार बरं वाटलं होतं. माझं बोलणं कुणीतरी लिहून घेतलं, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

आमचं घर म्हणजे कोठी भागातून अफझलगंजकडे उतरताना लागणाऱ्या एका इमारतीतली जिन्याखालची खोली. माझा नवरा तिथे वॉचमन. खाली डॉक्टरी सामानाची दुकानं, दुसऱ्या मजल्यावर गोदाम, आणि पहिल्या मजल्यावर एक सॉफ्टवेअरची कंपनी. ती खोली आम्हाला मिळाली ती या कंपनीच्या साहेबांमुळे. त्यांनी इमारतीच्या मालकाला सांगून आपला वॉचमन ठेवला होता. कंपनी आहे तोवर खोली, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट झालं होतं. खोलीत उन्हाळ्यात पत्र्याचं दार हात लावू देत नसे. पण नळ स्वतंत्र होता आणि मुलीची शाळा पाच मिनिटांवर. ती तेव्हा नववीत होती.

मी ताईंकडे लागले त्याच्या आधीच वरचं ऑफिस रिकामं झालं होतं. पूर्वी सात-आठ पोरंपोरी कॉम्प्युटरवर बसलेली असायची. मग एकेक करून कुणी अमेरिकेला, कुणी मोठ्या कंपनीत गेलं. कॉम्प्युटरही टेंपोत घालून कुठेतरी नेले. उरल्या खुर्च्या, एक टेबल आणि टेलिफोन. साहेब महिन्यातून एखाद्या वेळी यायचे, टपाल बघायचे आणि जायचे. नवऱ्याला त्यांनी एकच काम सांगितलं होतं. फोन वाजला की उचलायचा, साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणायचं, नंबर लिहून ठेवायचा आणि संध्याकाळी साहेबांच्या घरी फोनवर कळवायचा. त्यासाठी फोनची तार त्यांनी खाली आमच्या खोलीपर्यंत ओढून दिली.

नवरा हे काम मन लावून करायचा. वही केली होती. दुसऱ्या घंटीला उचलायचाच. पितळेची पाटी दर शुक्रवारी चिंचेने घासायचा. आणि दिवेलागणीला उदबत्ती घेऊन वर जायचा, ट्यूबलाईट लावायचा. तिन्हीसांजेला जागा अंधारी ठेवू नये, हे आमच्या गावचं. रिकामी असली म्हणून काय झालं, लक्ष्मीची जागा आहे, म्हणायचा. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटावं, वर काम चाललंय.

एका सकाळी मी ताईंकडे पोळ्या लाटत होते. ताईंनी इंटरनेट बंद केलं, कारण ते चालू असताना फोन लागत नसे, आणि एक नंबर फिरवला. फोनचा आवाज मोठा केला, घंट्या मोजता याव्यात म्हणून. एक. दोन.

"नमस्ते जी, गुड मॉर्निंग."

लाटणं माझ्या हातात तसंच राहिलं. तो आवाज माझ्या नवऱ्याचा होता.

ताई म्हणाल्या की दवाखान्यासाठी सॉफ्टवेअर हवंय, माहिती पाहिजे.

"साब मीटिंग में हैं जी. नंबर बोलो आप, मैं लिख लेतौं. साब खुद फोन करते."

त्याने नंबर दोनदा वाचून दाखवला. फोन ठेवल्यावर ताई माझ्याकडे वळल्या. "बघा मावशी, याला म्हणतात गिऱ्हाइकाची कदर. आज सकाळपासून पाच ठिकाणी फोन केला. एकाने उचलला नाही, एकाने उचलून ठेवून दिला. आणि हा माणूस! किती अदबीनं बोलला. दहापैकी दहा."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंडात शब्द आलेही होते, 'ताई, ते आमचे हे आहेत.' पण त्याच्या पुढचं वाक्यही बोलावं लागलं असतं, आणि त्याच्याही पुढचं. तव्यावरची पोळी करपली. मी ती उलटली.

दोन दिवसांनी साहेबांचा ताईंना फोनही आला. गोड बोलले, सगळं समजावून सांगितलं. मग ताईंच्या यादीत एकच रकाना राहिला. पत्ता खरा आहे का? इतर कंपन्यांचे पत्ते त्यांनी स्वतः रिक्षाने जाऊन पाहिले होते. पण आता त्यांना पाचवा महिना होता आणि डॉक्टरांनी रिक्षात बसायला मनाई केली होती.

"मावशी, तुम्ही त्याच बाजूला राहता ना? जाता जाता एवढं बघून याल?" त्यांनी कागदावर पत्ता मराठीत लिहून दिला. माझ्याच घराचा पत्ता मी घडी करून कमरेला खोचला.

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने आधी फक्त एवढंच ऐकलं.

"दहापैकी दहा? मला?"

"हो."

"अगं, उभ्या जन्मात मास्तरांनी मला चारच्या वर दिले नाहीत." तो हसतच राहिला. मुलीला हाक मारून सांगितलं.

मी म्हटलं, "पण वर कुणी नाही. हे मी काय सांगू ताईंना?"

त्याचं हसू थांबलं. "साहेब येतात की. काम मिळालं की माणसं भरतील पुन्हा. आणि नाही भरली, तर साहेब जागा सोडणार. मग आपण कुठं जायचं, ते तू सांग. पोरीची दहावी काय फुटपाथवर करायची?"

मी उठून रस्त्यावर गेले. बाहेर उभं राहून इमारतीकडे पाहिलं, ताईंनी सांगितलं होतं तसं. पाटी होती. वर दिवा होता.

सकाळी ताईंनी पेन घेऊन विचारलं, "पाटी आहे?"

"आहे. पितळेची. मोठी."

"स्वच्छ?"

"चकचकीत."

"उघडं होतं का ऑफिस?"

"वर दिवा होता."

"माणसं दिसली?"

मी परातीत पाणी घातलं. "मी वर गेले नाही, ताई."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. त्या संध्याकाळी मी वर गेले नव्हते. वर गेले होते ती त्याच्या आधीच्या रविवारी, झाडायला.

मासिक निघालं. ती कंपनी यादीत दुसरी आली. साहेबांनी नवऱ्याला नावाजलेल्या पुल्लारेड्डीच्या नव्हे, साध्याच दुकानातल्या पण तुपातल्या मिठाईचा डबा दिला. ताईंना मुलगी झाली. वर ऑफिसात दोन पोरं येऊन बसू लागली, सॉफ्टवेअरच्या तबकड्या खोक्यांत भरून कुरियरने पाठवू लागली. मला वाटलं, चला, आपण गप्प राहिलो ते बरं झालं. जे खोटं होतं ते खरं झालं. सात-आठ महिने मी असं समजत होते.

मग ती पोरं यायची बंद झाली. साहेबही. त्यांच्या घरचा फोन कुणीतरी दुसरंच उचलू लागलं. आमच्या खोलीतला फोन मात्र चालूच होता आणि आता तो सारखा वाजायचा. पूर्वी माहिती विचारणारे असत, आता ओरडणारे. नवरा शिव्या ऐकायचा आणि म्हणायचा, "साब मीटिंग में हैं जी." वही भरत आली होती. मी म्हटलं, खरं सांगून टाका की लोकांना. तो म्हणाला, "मालकाच्या कानावर गेलं तर? साहेब आले तर काय म्हणतील?" तो अजून त्यांची वाट बघत होता. शुक्रवारी पाटी घासत होता.

एका दुपारी मी कामावरून आले तर दारात एक बाई उभी. माझ्याच वयाची, सुती साडी, खांद्याला पिशवी, चप्पल धुळीने भरलेली. नवऱ्याने, कोण हवंय म्हणून विचारलं, "कौन होना जी?"

ती बाई त्याच्याकडे बघतच राहिली. मग मराठीत म्हणाली, "तुम्हीच ते."

"क्या जी?"

"तुमचाच आवाज. वीस-पंचवीस वेळा ऐकलाय मी. मला वाटायचं, कुणी मॅनेजर असतील." तिने त्याच्या खाकी सदऱ्याकडे पाहिलं. "काय हो दादा, किती महिने चालते ही मीटिंग?"

नवऱ्याने मान खाली घातली. मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. तिने तांब्या रिकामा केला आणि बोलू लागली. नांदेडच्या पुढच्या एका गावात लहान मुलांचा दवाखाना होता. ही तिथे नोंदी लिहायची, बारा वर्षं. कोणत्या पोराला कोणती लस कधी दिली, पुढची कधी द्यायची, कुणाला कोणतं औषध सोसत नाही, सगळं तिच्या रजिस्टरांत. कॉम्प्युटर शिकली ती स्वतःच्या हौसेने.

"डॉक्टर नकोच म्हणत होते, आक्का. मीच मागे लागले. म्हटलं, माझ्यावर सोडा, मी चांगलं बघून घेते. एका मासिकात यांचं नाव वर होतं, ते दाखवलं त्यांना. सहा महिने बसून जुन्या नोंदी आत घातल्या. मग रजिस्टरं रद्दीत दिली. मीच दिली. कपाट रिकामं दिसावं म्हणून."

त्या सॉफ्टवेअरला वर्षातून एकदा कंपनीकडून एक आकडा घ्यावा लागे. तो घातला की वर्षभर चाले. वर्ष भरलं, आणि आकडा देणारं कुणी नव्हतं. सगळं आत होतं, उघडत नव्हतं.

"आता आया पोरं घेऊन येतात. बाई, कुठली सुई राहिलीय? मी काय सांगू? काहींच्या घरी कार्डं आहेत. पुष्कळांकडे नाहीत. डॉक्टर म्हणाले, आकडा घेऊन या, नाहीतर येऊ नका."

नवरा किल्ल्या घेऊन उठला आणि तिला वर घेऊन गेला. मी मागून गेले. त्याने दार उघडलं, ट्यूब लावली. तीन खुर्च्या, टेबल, भिंतीत विझलेल्या उदबत्तीची काडी. ती बाई मधोमध उभी राहिली. मग तिने पिशवीतून मासिकाचं पान काढलं. घड्या पडून त्याला भोकं पडली होती. एका ओळीवर बोट ठेवून तिने मला मराठीत सांगितलं, "इथं लिहिलंय. 'ऑफिस प्रत्यक्ष जाऊन पाहिलेलं आहे.' याच ओळीवर मी घेतलं. कुणी पाहिलं असेल हो, आक्का? डोळे फुटले होते का त्याचे?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

ती संध्याकाळच्या गाडीने परत गेली. जाताना तिने नवऱ्याला सांगितलं, साहेब आले तर एवढा एक आकडा घेऊन ठेवा. त्याने वहीत तिचा पत्ता लिहून घेतला. खरंच लिहिला, नीट, दवाखान्याच्या नावासकट.

दुसऱ्या दिवशी मी ताईंना सांगितलं. कशी बोलले ते आठवत नाही. ताईंच्या मांडीवर बाळ होतं. फोन, पाटी, दिवा, रविवारचं झाडणं, सगळं सांगितलं. ताईंनी बाळाला उचलून खांद्यावर घेतलं. म्हणाल्या, "एवढं सगळं तुम्हाला माहीत होतं, आणि रोज माझ्या घरी पोळ्या करत होतात?"

"हो ताई."

मग त्या म्हणाल्या, "चूक माझीसुद्धा आहे. मी गेले नव्हते, आणि पाहिलं असं लिहिलं." बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "आणखी कुणाला सांगितलंय का हे?"

"नाही."

"नका सांगू."

मला वाटलं होतं, त्या मासिकात काही छापतील, निदान लोकांना कळेल. त्या महिन्यात काही आलं नाही. पुढच्या महिन्यातही नाही. मला त्यांनी काढलं नाही. पण मला वाचून दाखवणं बंद झालं. त्या टेबलावर, मी खाली, आणि मधे फक्त बटणांचा आवाज.

मी पोस्टकार्ड आणलं. चौथीनंतर मी कुणाला पत्र लिहिलं नव्हतं, गावाकडे सगळं नवराच लिहायचा. वहीतून दवाखान्याचा पत्ता उतरवला. डॉक्टरांच्या नावाने लिहिलं, त्या बाईंच्या नव्हे. ऑफिस पाहून आलेली ती मी. आत कुणी नाही हे मला माहीत होतं. मी खोलीच्या भीतीने बोलले नाही. तुमच्या बाईंनी विचारपूस करण्यात काही कमी केलं नाही, त्यांना कामावरून काढू नका. एवढं लिहायला मला दोन दुपारी लागल्या.

नवऱ्याने वाचलं. शुद्धलेखन दोन ठिकाणी सुधारलं. म्हणाला, "चांगलं लिहिलंस. पाठव. पण खाली नाव घालू नको. पत्ता तर मुळीच नको. कुणी ते मालकाला दाखवलं तर उद्या रस्त्यावर येऊ."

मी पेन धरून बसले होते. खाली दोन बोटं जागा शिल्लक होती. बिननावाच्या पत्राला कोण विचारतो, हे मला कळत होतं. डॉक्टर त्या बाईंनाच म्हणाले असते, तूच कुणाकडून तरी लिहवून घेतलंस. हेही कळत होतं. मी ती जागा तशीच सोडली आणि कार्ड अफझलगंजच्या पेटीत टाकलं.

दिवाळीच्या आधीच मालकाने पहिला मजला दुसऱ्याला दिला. आम्हाला आठ दिवसांची मुदत मिळाली. सामान बांधताना कळलं की मालकाला ऑफिस रिकामं असल्याचं केव्हापासूनच माहीत होतं. तो फक्त चांगल्या भाडेकरूची वाट बघत होता. त्या पत्राखाली मी नाव घातलं असतं, तरी आम्ही त्याच दिवशी बाहेर पडलो असतो.